पोळी बंद केली पण नखांतलं पीठ राहिलंच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत मध्यंतरी ग्लुटेन फ्री खाण्यावर लेख आला होता तो वाचला, चांगला होता, पण त्यात सगळं ताटातलंच होतं, म्हणजे पोळी नको ब्रेड नको रवा मैदा नको, ज्वारी बाजरी नाचणी तांदूळ चालेल वगैरे. माझ्या मुलीला सीलिॲक आहे, आता नऊ वर्षांची आहे ती, आणि तीन वर्षं आमच्या घरी हे सगळं पाळलं जातंय, त्यामुळे ताटाच्या बाहेरचं जे आम्हाला फार उशिरा कळलं ते बाकीच्या आईवडिलांना जरा आधी कळावं म्हणून लिहितेय. पत्र लांबलंय, काटछाट केलीत तरी चालेल, फक्त हिंगाचं आणि शाळेतल्या मातीचं काढू नका ही विनंती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आजार थोडक्यात सांगते. गहू, सातू म्हणजे बार्ली आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रोटीन असतं, कणीक मळून ठेवली की तिला जो ताण येतो ना तो त्याचाच. सीलिॲक असलेल्या माणसाच्या पोटात ते गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते, आतून मखमलीसारखे जे बारीक बारीक उंचवटे असतात ते सपाट होतात आणि मग खाल्लेलं अंगाला लागत नाही. आमची मुलगी दोन वर्षं एकाच उंचीवर होती, पोट फुगलेलं, हिमोग्लोबिन सात, आणि आम्ही आपले जंताचं औषध आणि लोहाचं सिरप देत बसलो होतो. आपल्याकडे हा आजार उत्तरेकडचा समजतात आणि त्यात तथ्य आहे, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत उत्तर भारतात १.२३ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के लोकांत तो सापडला होता, त्यामुळे इथे पटकन कोणाच्या डोक्यात येत नाही. इलाज एकच, जन्मभर ग्लुटेन बंद.

तर आम्ही बंद केलं. अगदी मनापासून केलं. तिचं पीठ वेगळं, डबा वेगळा, गिरणीत सकाळी पहिल्यांदा जाऊन "ज्वारीवर ज्वारी दळा" म्हणून सांगायचं, कारण गव्हावर ज्वारी दळली की जात्यात अडकलेलं गव्हाचं पीठ आधी आपल्याच डब्यात येतं. सत्यनारायणाचा शिरा नाही, दीप अमावास्येचे कणकेचे दिवे नाहीत, वाढदिवसाला केक घरचा. आणि एवढं करून वर्षभराने टीटीजीची, म्हणजे सीलिॲक कितपत आटोक्यात आहे ते कळतं ती, रक्ततपासणी केली तर आकडा खाली आला होता पण नॉर्मलच्या तिप्पट होता. मला त्या दिवशी लॅबच्या जिन्यात रडू आलं. नातेवाईकांनी सांगून टाकलं की पोरगी बाहेर चोरून बिस्किटं खात असेल, तिला विचारलं तर ती पण रडली, आणि आजही मला त्याचं वाईट वाटतं की आपण तिच्यावर संशय घेतला, कारण तिने एक कणही खाल्ला नव्हता.

आमच्या डॉक्टरांनी मात्र एक वही करायला सांगितली. म्हणाले आठ दिवस लिहा, पण काय खाल्लं ते लिहू नका, तोंडात काय काय गेलं ते लिहा, आणि हाताला काय काय लागलं ते पण. मी हिशेबाचंच काम करते त्यामुळे वही नीट ठेवली. त्या वहीनेच सगळं उलगडलं.

पहिलं निघालं हिंग. मी कधी डबी उलटी करून वाचलीच नव्हती हो. आपण ज्याला हिंग म्हणतो ती पावडर म्हणजे बांधानी हिंग, खरा हिंग फार उग्र असतो म्हणून तो डिंक आणि पिठात मिसळून बांधतात, आणि ते पीठ बऱ्याच वेळा गव्हाचं नाहीतर मैद्याचं असतं. डबीवर लिहिलेलं होतं, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. म्हणजे वरणात हिंग, भाजीत हिंग, कढीत हिंग, ताकात हिंग, आणि आम्ही पोळी बंद केली म्हणून निर्धास्त. आता तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो तो आणते किंवा पीठ न मिसळलेला खडा हिंग आणून घरी कुटते. सुट्टा हिंग घेणाऱ्यांनी तर विचारूनच घ्यावा, त्याला लेबलच नसतं.

दुसरं निघालं ते मी जन्मात ओळखलं नसतं. बुधवारी ती शाळेतून आली, मी तिचे हात धुवायला घेतले तर नखांत निळं काहीतरी घट्ट बसलेलं. टोकदार काडीने काढलं, बोटावर घेऊन चोळलं, तर कणकेसारखं ताणलं जातंय. मी विचारलं हे काय गं, तर म्हणाली कार्यानुभवाच्या तासाची माती. बाईंनी घरून करून आणली होती, मैदा मीठ तेल आणि खायचा रंग, मुलांना बाजारातल्या मातीतली केमिकल नकोत म्हणून. बाईंचा हेतू चांगलाच होता, आणि त्यांना तिचा आजार माहीत होता पण तो "खाण्याचा" आजार म्हणून माहीत होता, आम्हीच तसा सांगितला होता. आमच्या मुलीला नखं कुरतडायची सवय. आणि तो तास डब्याच्या सुट्टीच्या आधी. दर बुधवारी, वर्षभर.

बाजारात जी रंगीत मळायची माती मिळते तिच्यातही गहू असू शकतो, परदेशी प्रसिद्ध ब्रँडच्या प्ले-डोमध्ये तर असतोच, ते कंपनी स्वतःच सांगते. आपल्याकडच्या स्वस्त पाकिटांवर मात्र "नॉन टॉक्सिक" एवढंच असतं, कशाची केलीय ते नाही.

मग मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले कारण मला पटेना की नखातल्या एवढ्याशा पिठाने काय होणार. हिशेब असा आहे. ग्लुटेन दिवसाला दहा मिलिग्रॅमच्या आत राहिलं तर बहुतेक सीलिॲकवाल्यांचं आतडं सांभाळून घेतं असं मानतात, आणि इटलीत झालेल्या एका अभ्यासात रोज फक्त पन्नास मिलिग्रॅम तीन महिने दिलं तर आतड्याला इजा दिसली होती. मैद्यात वजनाच्या साधारण आठ ते दहा टक्के ग्लुटेन असतं. म्हणजे दहा मिलिग्रॅम ग्लुटेन व्हायला शंभर सव्वाशे मिलिग्रॅम मैदा पुरे झाला. चहाच्या चमच्यात सपाट मैदा घ्या, त्याचे पंचवीस भाग करा, त्यातला एक भाग म्हणजे मुलीचा दिवसाचा सगळा कोटा संपला. दहा नखांत तेवढं सहज मावतं. हा हिशेब मी वहीत लिहिला आणि नवऱ्याला दाखवला, तोपर्यंत त्यांना वाटायचं मी अतीच करते, तेव्हापासून ते स्वतः ओटा पुसायला लागले.

वहीत अजून बरंच निघालं. झुरळांसाठी सासूबाई बोरिक पावडर कणकेत मळून गोळ्या करतात, बऱ्याच घरांत करतात, आणि त्या मळायला नातीला बसवायच्या कारण तिला मळायला आवडतं. (बोरिक पावडरीत मुलांचा हात घालूच नये, ते वेगळंच.) दिवाळीच्या आकाशकंदिलाला आणि पतंगाला लागणारी खळ मैद्याची, ती बोटाने लावायची आणि बोट तोंडात घालून कागद उलटायचा ही तर आपल्या सगळ्यांची सवय. उटण्यात घरचा गव्हाचा कोंडा. शेजारच्यांच्या कुत्र्याची बिस्किटं, ती गव्हाची, आणि ही त्याला हातावरून भरवते. ओट्यावर पोळ्या लाटताना उडणारं पीठ तर रोजचंच, ते डोळ्यांना दिसत नाही पण काळ्या ग्रॅनाइटवर सकाळच्या उन्हात बघा, पांढरा थर असतो आणि त्याच थरावर आम्ही तिची भाकरी थापत होतो. आता भाकरी आधी आणि पोळ्या नंतर, परात वेगळी, चाळणी वेगळी, घासणी पण वेगळी कारण कणकेची परात घासलेल्या घासणीत कणीक अडकून राहते.

हल्ली लग्नाकार्यात प्लास्टिक नको म्हणून गव्हाच्या कोंड्याच्या प्लेटा आणि खाता येणारे चमचे येतात. प्लास्टिक गेलं याचा मला आनंदच आहे पण सीलिॲकवाल्याला त्यात गरम भात वाढला तर सगळं पथ्य तिथेच संपलं. सुपारीच्या झावळीची किंवा उसाच्या चिपाडाची प्लेट चालते, आणि आपली पत्रावळ तर उत्तमच.

आता साबण शांपू पेस्टबद्दल, कारण याच्यावरून मोबाइलवर फार घाबरवणारे मेसेज फिरतात आणि मी पण त्यात दोन महिने घालवले. ग्लुटेनचा कण मोठा असतो, धड कातडीतून तो आत जात नाही, आणि सीलिॲकमध्ये त्रास होतो तो पोटात गेल्यावरच. अंगावर जे खाजरे फोड येतात काही रुग्णांना, ते पण खाल्लेल्या ग्लुटेनमुळेच येतात, लावलेल्या नाही. त्यामुळे शांपूवर "व्हीट प्रोटीन" लिहिलंय म्हणून सीलिॲकवाल्याने तो फेकायची गरज नाही, फक्त लहान मूल असेल, अंघोळीचं पाणी तोंडात घेणारं, तर दुसरा आणावा एवढंच. मी सुरुवातीला घरातल्या सगळ्या बाटल्या काढून टाकल्या होत्या, पैसे वाया गेले आणि हिंग तसाच फोडणीत.

गव्हाची ॲलर्जी ज्यांना आहे त्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे, दोन्ही एक समजू नका. जपानमध्ये एका चेहरा धुवायच्या साबणात हायड्रोलाइज्ड व्हीट प्रोटीन होतं, म्हणजे गव्हाचं प्रोटीन तोडून बारीक केलेलं, आणि तो रोज वापरून दोन हजारांहून जास्त लोकांना गव्हाची ॲलर्जी झाली, ज्यांना आधी गहू खाऊन काहीही होत नव्हतं त्यांचे ब्रेड किंवा नूडल्स खाल्ल्यावर डोळे सुजायला लागले, काहींना तर शॉकपर्यंत गेलं. २०११ साली तो साबण परत मागवला होता. तेव्हा ज्याला ॲलर्जी आहे किंवा कातडी एक्झिमाने फुटलेली आहे त्याने साबणाचं लेबलसुद्धा वाचावं.

पेस्ट, माउथवॉश, लिपबाम, लिपस्टिक या तोंडाशी जाणाऱ्या वस्तू, इथे सीलिॲकवाल्याने बघायला हवं. पण इथेही आकडे सांगते म्हणजे भीती बेताची राहील. इटलीत अशा ६६ वस्तू तपासल्या होत्या, त्यातल्या ६२ मध्ये ग्लुटेन २० पीपीएमच्या (दहा लाख भागांत वीस भाग) आत होतं, म्हणजे ज्या मर्यादेच्या आत खाद्यपदार्थाला ग्लुटेन फ्री म्हणता येतं तिच्या आत, आणि उरलेल्या चारांत, तीन पेस्ट आणि एक लिपबाम, थोडंसं वर. वाटाण्याएवढी पेस्ट म्हणजे पाव ग्रॅम, त्यातली सगळी गिळली तरी त्या पातळीला एक मिलिग्रॅमचा शंभरावा भागसुद्धा धड होत नाही. त्यामुळे पेस्टने आमची मुलगी आजारी पडली नाही हे मी आता खात्रीने म्हणते. लिपबामचं मी जरा जास्त बघते, एकतर ती दिवसातून दहा वेळा लावते आणि चाटते, आणि तिच्या लिपबाममध्ये व्हीट जर्म ऑईल निघालं, म्हणजे गव्हाच्या अंकुराचं तेल. तेलात प्रोटीन फार नसतंच, पण दुसरा लिपबाम मिळत असताना हा कशाला. आता थंडीत ती साजूक तूप लावते ओठांना आणि खूश असते. गॅदरिंगला लावणी होती तेव्हा लिपस्टिक मी घरून वाचून नेली.

लेबल वाचायचं म्हणजे काय ते पण सांगते कारण तिथे बऱ्याच वेळा सरळ "गहू" असं नसतं. ट्रिटिकम व्हल्गेअर म्हणजे गहू. हॉर्डियम व्हल्गेअर म्हणजे सातू. सिकेल सिरिअल म्हणजे राय. अव्हेना सटायव्हा म्हणजे ओट्स, लहान मुलांच्या लोशनमध्ये पुष्कळ असतं, ओट्समध्ये स्वतःचं गव्हासारखं ग्लुटेन नसतं पण शेतापासून गिरणीपर्यंत गव्हाबरोबर मिसळतं. माल्ट दिसलं की सातू समजायचं, दुधात घालायच्या बऱ्याच पावडरींत ते असतं. मी हे शब्द मराठीत एका कागदावर लिहून किराणाच्या पिशवीत ठेवलेत, सासूबाई दुकानदाराला तो कागद दाखवून वाचून घेतात.

औषधांचं सगळ्यात अवघड. गोळी बांधायला स्टार्च लागतो, तो बहुतेक मक्याचा असतो, बटाट्याचा असतो, गव्हाचा फार थोड्या औषधांत, आणि असला तरी एका गोळीत तो अगदी किंचित जातो म्हणून कोणीही स्वतःच्या मनाने औषध बंद करू नये, हे मी मुद्दाम लिहितेय. पण पट्टीवर नुसतं "स्टार्च" पण नसतं हो बऱ्याच वेळा. मुलीची कॅल्शियमची गोळी, रोजची, वर्षानुवर्षं चालणारी, तिच्यासाठी मी कंपनीच्या नंबरवर तीन वेळा फोन केला, प्रत्येक वेळी मेल करा म्हणाले, मेल केला, एकोणीस दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं की मक्याचा स्टार्च आहे. बस एवढंच हवं होतं मला. ही एक ओळ पट्टीच्या डबीवर छापायला कितीसा खर्च येतो?

माझं खरं म्हणणं इथेच आहे. खाण्याच्या पाकिटावर गहू, सातू, राय, ओट्स यातलं काही असेल तर ते वेगळं लिहायलाच लागतं, एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, २०२० च्या लेबलिंग नियमांत ते आहे, आणि त्यामुळे बिस्किटाच्या पुड्याशी आमचं भांडण नाही, तो स्पष्ट सांगतो की माझ्यात गहू आहे. पण जी पेस्ट रोज दोनदा तोंडात जाते, जो लिपबाम चाटला जातो, जी गोळी गिळली जाते, तिला हे बंधन नाही. कॉस्मेटिक्सवर घटकांची यादी असते पण ती अशी लॅटिन आणि बारीक. काही पेस्टच्या ट्यूबवर शाकाहारीचा हिरवा ठिपका दिसतो, तो लांबून दिसतो, न वाचता कळतो, माझ्या सासूबाईंनाही कळतो. तसंच "यात गहू आहे" एवढे तीन शब्द मराठीत किंवा हिंदीत टाकता येतील की. आपल्या राज्यात अन्न आणि औषध दोन्ही बघणारं खातं एकच आहे, अन्न व औषध प्रशासन, नियम दिल्लीत होतात हे मला माहीत आहे पण शिफारस तर इथून जाऊ शकते, निदान तोंडात जाणाऱ्या वस्तू, औषधं आणि लहान मुलांच्या मळायच्या मातीपुरती तरी. आपल्या वाचकांत त्या खात्यातले कोणी असतील तर त्यांनी हे वाचावं.

शाळांना पण एक सांगायचंय. सीलिॲकचं मूल वर्गात असेल तर डब्याबरोबर कार्यानुभवाचं सामानही विचारात घ्या, कागदाच्या लगद्यात खळ असते, चिकटवायला खळ असते. आणि हात धुवायला लावा, साबण आणि पाण्याने, नुसता सॅनिटायझर नको, त्याने जंतू मरतात पण पीठ हातावरच राहतं. आमच्या शाळेने हे फार आपुलकीने ऐकलं. बाई स्वतः घरी आल्या होत्या, त्यांना इतकं वाईट वाटलं होतं की मलाच त्यांची समजूत घालावी लागली.

हिंग बदलला, माती बदलली, ओट्याची शिस्त लागली, त्यानंतर दहा महिन्यांनी टीटीजी नॉर्मलला आला. नेमकं कशाने ते कोणी सांगू शकत नाही, डॉक्टर म्हणाले माती आणि ओटा बहुतेक, हिंगाची भर. वर्षात ती सात सेंटीमीटर वाढली, दाराच्या चौकटीवर पेन्सिलच्या खुणा आहेत, दोन वर्षं एकावर एक चढलेल्या आणि मग एकदम वर गेलेल्या.

बऱ्याच जणींनी मातीचं प्रमाण विचारलं म्हणून ते इथेच देते. उकडीच्या मोदकासारखंच आहे. एक वाटी पाण्यात अर्धी वाटी मीठ आणि दोन चमचे तेल घालून उकळी आणायची, त्यात एक वाटी बारीक तांदळाचं पीठ घालून झाकण ठेवून वाफ काढायची, कोमट झाली की मळायची, मोडायला लागली तर चमचाभर मक्याचं पीठ आणि पाण्याचा हात. रंगाला बीट किंवा हळद. पीठ मात्र गिरणीतून दळून आणणार असाल तर तांदळावर तांदूळ दळलेलं घ्या. फ्रीजमध्ये डब्यात चार-पाच दिवस राहते. खळ पण तांदळाच्या पिठाची छान होते, यंदाचा कंदील आम्ही तिनेच चिकटवला.

आपली,
एका सीलिॲक मुलीची आई, नाशिक